हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याकडे: अनधिकृत जगज्जेतेपदाची साखळी कशी लावायची

१० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासच्या चेपॉकवर भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. कर्णधार होते विजय हजारे, आणि विनू मांकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले होते. भारताचा हा पहिला कसोटी विजय, एवढं क्रिकेटप्रेमींना ठाऊक असतं. पण आणखी एका हिशेबाने त्याच दिवशी भारत कसोटी क्रिकेटचा जगज्जेताही झाला. या हिशेबाला कुठल्या मंडळाची मान्यता नाही. त्याची गदा नाही की बक्षिसाची रक्कम नाही. नियम एका ओळीचा आहे: मानकऱ्याला जो हरवेल, तो नवा मानकरी. चार महिन्यांनी लीड्सला इंग्लंडने हा मान परत नेला. दुसऱ्या डावात भारताचे चार गडी एकही धाव होण्याआधी बाद झाले, तीच ही कसोटी.

असा अनधिकृत किताब जवळजवळ कुठल्याही खेळात मागे जाऊन शोधता येतो. लागतात दोनच गोष्टी: सगळ्या सामन्यांची तारीखवार यादी, आणि आधीच लिहून ठेवलेले नियम. यादी हल्ली सहज मिळते. घोळ होतो तो नियमांमध्ये.

कल्पना आली कुठून

मुष्टियुद्धात ही रीत जुनीच आहे. विजेत्याला रिंगणात हरवलं की विजेतेपद आपलं, मग पट्टा कुठल्या संघटनेचा का असेना. फुटबॉलमध्ये या कल्पनेला सगळ्यात जास्त हवा मिळाली ती १५ एप्रिल १९६७ रोजी. आदल्या वर्षी विश्वचषक जिंकल्यापासून इंग्लंड एकदाही हरलं नव्हतं. त्या दिवशी वेम्बलीवर स्कॉटलंडने त्यांना ३-२ असं हरवलं आणि स्कॉटिश प्रेक्षकांनी स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतलं. पुढे हौशी मंडळींनी हेच सूत्र मागे नेलं, थेट पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यापर्यंत. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोत झालेला स्कॉटलंड-इंग्लंड सामना ०-० असा सुटला, त्यामुळे किताब रिकामाच राहिला. ८ मार्च १८७३ ला लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड ४-२ ने जिंकलं. तिथून साखळी सुरू होते. १९६७ चा स्कॉटिश आनंद मात्र महिनाभरही टिकला नाही. १० मे रोजी ग्लासगोतच सोव्हिएत संघाने त्यांना २-० असं हरवलं.

हा किताब विश्वचषकाला जाईलच असंही नाही. २००६ च्या विश्वचषकासाठी उरुग्वे पात्रच ठरला नव्हता, आणि स्पर्धेच्या तोंडावर, मे २००६ मध्ये, रुमानियाला हरवून किताब त्यांनी नेला. जर्मनीतला अख्खा विश्वचषक किताबाविना खेळला गेला. नोव्हेंबरात जॉर्जियाने उरुग्वेला हरवलं. २४ मार्च २००७ ला स्कॉटलंडने जॉर्जियाला हरवलं, आणि चारच दिवसांनी बारी शहरात इटलीने स्कॉटलंडला. म्हणजे अधिकृत जगज्जेत्या इटलीला अनधिकृत किताब मिळाला तो विश्वचषकानंतर आठ महिन्यांनी.

सामने पाहण्याआधी नियम लिहा

निकाल बघून नियम ठरवला की आपला आवडता संघ साखळीत घुसतोच, म्हणून हे काम आधी उरकायचं.

पहिला नियम: कुठले सामने धरायचे. फुटबॉलमध्ये मुख्य राष्ट्रीय संघांचे मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय सामने धरतात, त्यात मैत्रीपूर्ण सामनेही आले. क्रिकेटमध्ये कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी यांच्या साखळ्या वेगवेगळ्या ठेवायच्या. महिला आणि पुरुषांच्याही वेगळ्या. सराव सामने आणि निमंत्रितांचे संघ बाहेर.

दुसरा: सामना बरोबरीत सुटला, अनिर्णित राहिला किंवा पावसाने धुऊन निघाला, तर किताब होता तिथेच राहतो. यावर सगळ्यांचं एकमत आहे.

तिसरा नियम पेनल्टी शूटआउटचा, आणि खरी गाठ इथेच आहे. फुटबॉलच्या अधिकृत नोंदींत शूटआउटवर सुटलेला सामना बरोबरीत धरतात. किताबाच्या प्रचलित साखळीत मात्र शूटआउट जिंकणारा तो विजेता. या फरकाने काय होतं ते एकाच उदाहरणात दिसतं. ११ जुलै २०१० ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनने नेदरलँड्सला हरवलं, तेव्हा चषकाबरोबर हा किताबही हातोहात गेला. सप्टेंबरात ब्युनोस आयर्सला अर्जेंटिनाने स्पेनला ४-१ असं हरवलं, ऑक्टोबरात सायतामाला जपानने अर्जेंटिनाला १-० असं. जपानने तो वर्षभर राखला, वाटेत आशिया चषकही जिंकला. मग १५ नोव्हेंबर २०११ रोजी प्याँगयाँगमध्ये उत्तर कोरियाने जपानला १-० ने हरवलं. उत्तर कोरियाकडे किताब चौदा महिने राहिला. २३ जानेवारी २०१३ ला थायलंडमधल्या किंग्ज कपात स्वीडनशी सामना १-१ सुटला आणि शूटआउट स्वीडनने जिंकलं. पुढच्याच महिन्यात अर्जेंटिनाने स्वीडनला ३-२ ने हरवलं. शूटआउट धरलं तर किताब दोन आठवड्यांत ब्युनोस आयर्सला पोहोचतो. नाही धरलं तर तो उत्तर कोरियाकडेच राहतो आणि पुढची सगळी ओळ वेगळी होते. दोन्ही पद्धती चालतील, पण एक निवडली की तीच १८७३ पासून आजपर्यंत लावायची.

चौथा: नंतर बदललेले निकाल. ऑगस्ट २००६ मध्ये ओव्हलवर पाकिस्तानचा संघ मैदानात वेळेवर परतला नाही म्हणून कसोटी इंग्लंडला बहाल झाली. २००८ मध्ये आयसीसीने तीच कसोटी अनिर्णित ठरवली, आणि २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडचा विजय कायम केला. किताब पणाला असताना असं घडलं तर? आमचं मत असं की आज अधिकृत नोंदीत जे आहे तेच धरावं आणि शेजारी टीप लिहावी. त्या दिवशी मैदानात लोकांना काय वाटलं यावर साखळी उभारली तर ती दर वादात तुटेल.

पाचवा नियम देशांच्या वारसाचा. सोव्हिएत संघाच्या नोंदी रशियाकडे, पश्चिम जर्मनीच्या जर्मनीकडे, हे फुटबॉलमधलं रुळलेलं उत्तर आहे. ते तसंच घ्यावं, नवा इतिहास लिहू नये.

तक्ता

स्प्रेडशीटमध्ये सात रकाने पुरतात: सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, पहिला संघ, दुसरा संघ, विजेता, सामन्याआधीचा मानकरी, सामन्यानंतरचा मानकरी. विजेता नसेल तर त्या खान्यात ‘अनिर्णित’ असा एकच शब्द लिहायचा. बरोबरी, रद्द, निकाल नाही असे चार शब्द वापरले की सूत्र गडबडतं. सामन्याआधीचा मानकरी म्हणजे वरच्या ओळीतला सामन्यानंतरचा मानकरी. सामन्यानंतरच्या रकान्यातलं सूत्र दोन प्रश्न विचारतं. खेळणाऱ्या दोन संघांत आधीचा मानकरी आहे का? आणि विजेत्याच्या खान्यात संघाचं नाव आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर विजेत्याचं नाव लिही, नाहीतर आधीच्या मानकऱ्याचं. हे सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत ओढलं की साखळी तयार. मानकरी स्वतःच जिंकला तरी चालतं, नाव तेच राहतं.

यात सगळ्यात जास्त रडवते ती नावांची लेखनपद्धत. एका ओळीत ‘वेस्ट इंडीज’, दुसरीत ‘वेस्ट इंडिज’, तिसरीत नावापुढे एक न दिसणारी मोकळी जागा. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे संघ. वाईट म्हणजे चूक झाल्याचं तो सांगत नाही. मानकरी सापडेनासा होतो आणि तक्ता शांतपणे पुढची पन्नास वर्षं एकच नाव लिहीत जातो. म्हणून यादी घेतल्या घेतल्या संघांच्या नावांची वेगळी यादी काढा आणि ती हाताने तपासा. दुसरी नेहमीची चूक तारखेची. तारीख अक्षरांच्या रूपात साठवलेली असेल तर क्रम वर्षाऐवजी दिवसाच्या आकड्याने लागतो.

छोट्या साखळीवर हात बसवायचा तर पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांची पहिली आठ वर्षं घ्या. ५ जानेवारी १९७१ ला मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला हरवलं आणि पहिला मान मिळवला. ऑगस्ट १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये तीन सामने झाले: २४ तारखेला इंग्लंड, २६ ला ऑस्ट्रेलिया, २८ ला पुन्हा इंग्लंड. पाच दिवसांत तीन वेळा मान फिरला. १९७३ मध्ये इंग्लंडने स्वान्सीला न्यूझीलंडला हरवलं, मँचेस्टरचा सामना निकालाविना राहिला, म्हणजे मान कायम. मग ७ सप्टेंबरला ओव्हलवर वेस्ट इंडीजने तो नेला. १९७५ चा पहिला विश्वचषक त्यांनी मानकरी म्हणूनच खेळला आणि जिंकला. त्याच वर्षी २० डिसेंबरला ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने त्यांना गाठलं. जून १९७७ मध्ये मान इंग्लंडकडे गेला आणि चार दिवसांत ऑस्ट्रेलियाकडे परत आला. २२ फेब्रुवारी १९७८ ला वेस्ट इंडीज, १२ एप्रिलला ऑस्ट्रेलिया, २४ जानेवारी १९७९ ला इंग्लंड, ४ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलिया, ९ जूनला विश्वचषकाच्या गटातल्या सामन्यात इंग्लंड. आणि २३ जून १९७९ ला लॉर्ड्सवर अंतिम सामन्यात वेस्ट इंडीज, चषक आणि किताब एकदमच.

या यादीत भारत कुठेच नाही. १९७४ ते १९७९ या काळात भारत १३ एकदिवसीय सामने खेळला, दोन विश्वचषकही खेळला, पण सामना ज्या दिवशी होता त्या दिवशी समोरचा संघ मानकरी आहे असं एकदाही घडलं नाही. १९७५ मध्ये इंग्लंडशी खेळला तेव्हा मान वेस्ट इंडीजकडे, १९७९ मध्ये वेस्ट इंडीजशी खेळला त्याच दिवशी तो ऑस्ट्रेलियाकडून इंग्लंडकडे जात होता. साखळीचा स्वभाव इथे कळतो. ती ताकद मोजत नाही, कोण कोणाशी आणि कधी खेळला हे दाखवते. कुठल्या देशाला कोणाच्या दारात प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, हे यातून जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं क्रमवारीतून दिसत नाही. ही साखळी लावण्यासारखी आहे ती यासाठीच.

मधूनच सुरुवात करता येते, उलटं जाता येत नाही

कसोटीची साखळी मार्च १८७७ च्या मेलबर्न कसोटीपासून सुरू होते, पण प्रत्येक वेळी तिथून निघायची गरज नाही. खात्रीचा एक थांबा शोधला की झालं. १९२६ पर्यंत कसोटी खेळणारे देश तीनच होते: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिका १९२४ मध्ये इंग्लंडला गेली आणि ओळीने पहिल्या तीन कसोट्या हरली, नंतर जिंकली एकही नाही. म्हणजे किताब आफ्रिकेकडे असता तरी तिथेच सुटला असता. उरले दोन देश, आणि ऑगस्ट १९२६ मध्ये ओव्हलवर इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला हरवलं. दोघांपैकी कोणाकडेही असो, त्या दिवसापासून किताब इंग्लंडचा. आधीची पन्नास वर्षं न चाळता हे ठामपणे म्हणता येतं.

याच गुणामुळे जुन्या चुकाही पुष्कळदा आपोआप भरून निघतात. समजा १८९० च्या आसपास एक सामना तुमच्या यादीतून सुटला. आता तुमच्या तक्त्यातला मानकरी वेगळा आणि खरा वेगळा. पण हे दोघे एकमेकांशी खेळले आणि निकाल लागला की दोन्ही साखळ्या एकाच विजेत्यावर येऊन मिळतात. संघ थोडे आणि सामने दाट असतील तर हे मिलन लवकर होतं. फुटबॉलमध्ये दोनशेच्या वर संघ असल्याने वेळ लागू शकतो.

उलट दिशेने मात्र शोध घेऊ नका. आजच्या मानकऱ्यापासून निघून ‘याने शेवटी कोणाला हरवलं’ असं मागे जाणं मोहाचं वाटतं. पण त्याने हरवलेल्या दहा संघांपैकी किताब कोणाकडे होता हे मागच्या टोकाकडून आल्याशिवाय कळत नाही. साखळी पुढेच चालते.

तीन ॲशेस मालिका, आणि किताब एकीतही नाही

१९२६ पासून पुढची आठ वर्षं सावकाश पाहण्यासारखी आहेत. १९२७-२८ मध्ये इंग्लंड दक्षिण आफ्रिकेत गेलं. पहिल्या दोन कसोट्या इंग्लंडने जिंकल्या, तिसरी अनिर्णित, चौथी आणि पाचवी आफ्रिकेने जिंकली. मालिका २-२ बरोबरीत, किताब आफ्रिकेकडे. १९२८-२९ ची ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका, इंग्लंडने ऑस्ट्रेलियात ४-१ ने जिंकली. डॉन ब्रॅडमनचं कसोटी पदार्पण याच मालिकेत झालं. पण किताब तिथे नव्हता, तो घरी बसलेल्या आफ्रिकेकडे होता. जुलै १९२९ मध्ये लीड्सला इंग्लंडने आफ्रिकेला हरवून तो परत घेतला.

मग जानेवारी १९३० मध्ये असं काही घडलं की नियम लिहिणाऱ्याची झोप उडावी. इंग्लंडने एकाच वेळी दोन संघ दोन दिशांना पाठवले. हॅरल्ड गिलिगनचा संघ १० जानेवारीला क्राइस्टचर्चला न्यूझीलंडविरुद्ध उतरला, आणि फ्रेडी कॅल्थॉर्पचा संघ ११ जानेवारीला ब्रिजटाउनला वेस्ट इंडीजविरुद्ध. दोन्ही कसोट्या अधिकृत. मानकरी एक, पण तो एकाच आठवड्यात पृथ्वीच्या दोन टोकांना किताब पणाला लावून खेळतोय. क्राइस्टचर्चला इंग्लंड जिंकलं, ब्रिजटाउनची कसोटी अनिर्णित राहिली, म्हणून पेच टळला. २१ फेब्रुवारीला तोच प्रकार पुन्हा: ऑकलंड आणि जॉर्जटाउनच्या कसोट्या एकाच तारखेला सुरू झाल्या. ऑकलंडची अनिर्णित संपली. जॉर्जटाउनला क्लिफर्ड रोचने २०९ धावा केल्या, जॉर्ज हेडलीने दोन्ही डावांत शतकं ठोकली, आणि वेस्ट इंडीज २८९ धावांनी जिंकलं. त्यांचा हा पहिलाच कसोटी विजय, आणि त्यातच किताब.

इंग्लंड दोन्हीकडे हरलं असतं तर? सामना सुरू झाल्याची तारीख धरली तर उत्तरच निघत नाही, कारण ती एकच आहे. म्हणून आम्ही संपल्याची तारीख धरतो: जो सामना आधी संपेल त्याच्या विजेत्याकडे किताब, आणि नंतर संपणारा सामना मग साधा सामना. तक्त्यात दोन तारखांचे रकाने ठेवले ते याचसाठी, आणि ओळी लावायच्या त्या संपल्याच्या तारखेने.

एप्रिलमध्ये किंग्स्टनला इंग्लंडने पहिल्या डावात ८४९ धावांचा डोंगर रचला. कसोटीला दिवसांची मर्यादाच नव्हती. तरीही पाऊस आला, इंग्लंडच्या परतीच्या बोटीची वेळ झाली आणि सामना तसाच सोडून द्यावा लागला. किताब वेस्ट इंडीजकडे राहिला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ब्रॅडमनने ॲशेसच्या एका मालिकेत ९७४ धावा केल्या. तो विक्रम आजही कायम आहे, आणि त्यातली एकही धाव किताबाच्या लढतीतली नाही. डिसेंबर १९३० मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला हरवून किताब घेतला खरा, पण त्याच मालिकेत सिडनीच्या शेवटच्या कसोटीत वेस्ट इंडीज ३० धावांनी जिंकलं आणि तो घेऊन घरी गेलं. पुढची दोन वर्षं त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. त्या अवधीत बॉडीलाइनची, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याच्या डावपेचाने गाजलेली, ॲशेस मालिका होऊन गेली. म्हणजे १९२८-२९, १९३० आणि १९३२-३३ या लागोपाठच्या तीन ॲशेसमध्ये किताब कुठेच नव्हता.

जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तीही याच कारणाने किताबाची नव्हती. जून १९३३ मध्ये लॉर्ड्सवरच इंग्लंडने वेस्ट इंडीजला एक डावाने हरवलं, आणि डग्लस जार्डिनचा संघ हिवाळ्यात हिंदुस्थानात आला तो मानकरी म्हणून. त्यामुळे भारताची किताबासाठीची पहिली लढत ठरते डिसेंबर १९३३ ची, मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावरची. सी. के. नायडू कर्णधार, लाला अमरनाथ यांचं ११८ धावांचं शतक, विजय मर्चंट यांचं पदार्पण. मायभूमीवरच्या या पहिल्या कसोटीत भारत नऊ गड्यांनी हरला, पण आझाद मैदानाला लागून असलेल्या त्या हिरवळीवर जगज्जेतेपद पणाला लागलं होतं, हे मुंबईकर क्रिकेटवेड्यांनी लक्षात ठेवावं असं आम्हाला मनापासून वाटतं. जून १९३४ मध्ये ट्रेंट ब्रिजला ऑस्ट्रेलिया जिंकलं तेव्हा कुठे किताब ॲशेसमध्ये परतला.

बावीस वर्षं गोठलेला किताब

१९५२ नंतर साखळी पाकिस्तानकडे वळते: ऑगस्ट १९५४ मध्ये ओव्हलवर त्यांनी इंग्लंडला २४ धावांनी हरवलं. लगेच १९५५ च्या सुरुवातीला भारत पाकिस्तानात पाच कसोट्या खेळला. पाचही अनिर्णित. पाच संधी, निकाल शून्य. पुढे वेस्ट इंडीज, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असं फिरत तो जानेवारी १९६४ मध्ये ॲडलेडला दक्षिण आफ्रिकेने घेतला. मधे इंग्लंडकडे जाऊन १९६५ च्या ट्रेंट ब्रिज कसोटीत तो आफ्रिकेकडे परतला, आणि १९६६-६७ ची मालिका संपली तेव्हाही त्यांच्याकडेच होता. १९७० मध्ये अली बाखर यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-० असं चिरडलं. मार्च १९७० मध्ये पोर्ट एलिझाबेथची कसोटी संपली आणि वर्णभेदी धोरणामुळे दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर गेली. किताब त्यांच्याबरोबर कपाटात बंद झाला.

तो बाहेर आला एप्रिल १९९२ मध्ये, ब्रिजटाउनला. पुनरागमनाच्या त्या एकमेव कसोटीत आफ्रिकेला २०१ धावा हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर २ बाद १२२ अशी भक्कम स्थिती होती. शेवटच्या दिवशी वेस्ट इंडीजच्या ॲम्ब्रोज आणि वॉल्श यांनी उरलेले आठ गडी २६ धावांत गुंडाळले. वेस्ट इंडीज ५२ धावांनी जिंकलं आणि साखळी पुन्हा चालू झाली.

मधल्या बावीस वर्षांत काय काय सुटलं पहा. अजित वाडेकरांच्या भारताने १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मिळवलेले मालिका विजय, क्लाइव्ह लॉइड यांच्या वेस्ट इंडीजचा दबदबा, १९८६ ची मद्रासची बरोबरीत सुटलेली कसोटी. सुनील गावसकर मार्च १९७१ ते मार्च १९८७ या काळात १२५ कसोट्या खेळले. दिलीप वेंगसरकर ११६ खेळले, शेवटची फेब्रुवारी १९९२ मध्ये. दोघांच्याही वाट्याला किताबाची लढत एकदाही आली नाही.

यावर उपाय सुचवले जातात: ठरावीक काळ न खेळल्यास किताब काढून घ्यावा, किंवा बंदी आली की तो रिकामा जाहीर करावा. आमचं मत विरोधात आहे. मुदत एक वर्ष ठेवायची की पाच, हे ठरवायला कसलाच आधार नाही, आणि एक वर्षाची मुदत लावली तर १९३१ नंतरचं वेस्ट इंडीजही बाद होतं. पोकळी दिसू द्यावी. बहिष्काराची लांबी इतक्या ठळकपणे दुसऱ्या कुठल्या आकड्यात दिसत नाही. फक्त एक काळजी घ्यायची: मानकऱ्यांची तुलना दिवसांनी करायची नाही. दिवस मोजले तर न खेळणारी दक्षिण आफ्रिका पहिली येते. किताबाच्या किती लढती जिंकल्या, हे मोजा.

हीच पोकळी तपासणीलाही उपयोगी पडते. तक्ता पुरा झाला की दोन बदलांमधलं अंतर काढा आणि मोठ्यापासून लहानाकडे लावा. वरची पाच अंतरं हाताने पहा. युद्ध, बंदी, सामनेच नसणं यापैकी कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर बहुधा नावाचं लेखन चुकलंय किंवा सामना गळलाय. शिवाय प्रत्येक बदलाच्या ओळीत हरलेला संघ हाच आधीचा मानकरी आहे ना, हेही बघायचं.

माणूस निवृत्त होतो, संघ होत नाही

व्यक्तींच्या खेळात साखळी खरोखरच तुटते. रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये अपराजित निवृत्त झाला. त्याला हरवणारा कोणी उरलाच नाही, म्हणून फ्लॉइड पॅटरसन आणि आर्ची मूर या दोन आघाडीच्या दावेदारांची नोव्हेंबर १९५६ ची लढत नवी सुरुवात मानली गेली. मुष्टियुद्धात ही सोय सर्वमान्य आहे. याउलट मुहंमद अलीचं विजेतेपद १९६७ मध्ये सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल काढून घेतलं गेलं, पण रिंगणात त्याला कोणी हरवलं नव्हतं. साखळीच्या हिशेबात तो प्रश्न ८ मार्च १९७१ ला जो फ्रेझरने त्याला हरवलं तेव्हाच मिटला. माइक टायसनकडे तर १९८७ पासून तिन्ही मोठे पट्टे होते, तरी साखळीतला मान मायकेल स्पिंक्सकडे होता. टायसनला तो २७ जून १९८८ ला मिळाला, ९१ सेकंदांत.

बुद्धिबळात १९४६ मध्ये अलेखिन विजेता असतानाच वारला आणि साखळी तुटली. १९४८ मध्ये पाच जणांच्या स्पर्धेतून बोत्विनिक पुढे आला. आजची स्थिती जास्त गुंतागुंतीची आहे. मॅग्नस कार्लसनने २०१३ मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवलं, आणि दहा वर्षांनी विजेतेपद लढतीविना सोडून दिलं. डिंग लिरेन जिंकला तो इयान नेपोम्नियाचीविरुद्ध, आणि गुकेशने डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला हरवलं ते डिंगला. कडक नियमाने विजेतेपदाच्या सामन्यात कार्लसनला अजून कोणी हरवलेलं नाही, म्हणून साखळी त्याच्यापाशी थांबते. आता एकक बदलून पहा. सामन्याऐवजी पारंपरिक वेळेचा प्रत्येक डाव धरला, तर किताब स्पर्धेगणिक हात बदलत राहतो, आणि १ जून २०२५ ला स्टाव्हांगरमध्ये गुकेशने कार्लसनला हरवलेला डाव महत्त्वाचा होऊन बसतो. पण त्या दिवशी मान कार्लसनकडे होता का, हे ठरवायला त्याच्या आधीचा प्रत्येक हरलेला डाव तक्त्यात भरावा लागेल.